बिल्डर मुदतवाढीच्या संमतीपत्रावर सही मागतोय, करावी का? (सांगली)

विजयनगरवाला:
नमस्कार मंडळी. कुपवाडच्या बाजूला टू बीएचके बुक केलाय. जमीन आधी हिरव्या पट्ट्यातली (शेतीसाठी राखलेली), झोन बदलून रहिवासी झाली, मग प्लॅन मंजूर झाला. करार जून 2022 चा, ताबा डिसेंबर 2024 ला मिळायचा होता. आज तिसऱ्या मजल्याचा स्लॅब घालून काम थांबलंय. वरच्या सळ्या गंजून लाल झाल्यात, पार्किंगमध्ये वॉचमनच्या कोंबड्या फिरतायत. परवा ऑफिसात बोलावून चहा पाजला आणि संमतीपत्र पुढं सरकवलं. उशिराची कारणं दोन सांगितली: झोन बदलाच्या अटी आणि महापूर. सही नाही केली तर प्रोजेक्टच बंद पडेल म्हणे. इकडं घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू आहे.

भडंगप्रेमी:
कागद पूर्ण वाचलास का? आधी ते सांग.

विजयनगरवाला:
फोटो काढून आणलाय. दुसऱ्या पानावर तळाला, ‘विलंबापोटी व्याज अथवा नुकसानभरपाई मागणार नाही’.

भडंगप्रेमी:
मग चहा चांगलाच महागात पडला असता.

कृष्णाकाठ:
दादा, मुदतवाढीला हरकत नसणं वेगळं आणि व्याज सोडणं वेगळं. एकाच कागदावर दोन्ही घेतायत, तिथंच मेख आहे.

रेराच्या (घरबांधणी प्रकल्पांचा कायदा) कलम 6 मध्ये पूर, दुष्काळ, भूकंप, आग यांसाठी मुदतवाढ आहे. शिवाय बिल्डरची चूक नसेल तर वाजवी कारणासाठी एकूण 1 वर्षापर्यंत. पण सांगलीचा मोठा महापूर जुलै 2021 चा आणि तुझा करार 2022 चा. पूर ओसरल्यावर त्यानंच तारीख घातली ना? आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 45 फुटांवर धोक्याची पातळी. कुपवाडच्या माळावर पाणी चढायचं तर आधी नदीकाठचा अख्खा गावभाग बुडेल. झोन बदलाचंही तेच. त्या अटी प्लॅन मंजुरीच्या आधीपासून त्याच्या हातात होत्या.

महारेरानं (हा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) मुदत वाढवली तरी तुझ्या करारातली तारीख हलत नाही. नीलकमल रिअल्टर्सच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये हे सांगितलंय. घर ठेवणार असशील तर कलम 18 खाली उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज, बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासकट. दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक 2 टक्के.

मात्र सरळ नकार देऊन बसू नकोस. प्रोजेक्टची महारेरातली नोंदणी संपली की त्याला नवीन फ्लॅट विकता येत नाहीत, पैसा आटतो आणि अडकतो आपणच. ती ओळ काढून, मजल्यागणिक तारखा घालून संमती दे.

मिरजेची माई:
आम्ही हेच केलं, बाळा. बिल्डर म्हणाला, छापील मजकूर आहे, बदलता येत नाही. आम्ही अकरा जणांनी आपला मजकूर टाइप करून नेला, तर तासाभरात बदलला! काम पुढं सात महिने रेंगाळलंच, पण व्याजाचा हक्क हातचा गेला नाही.

आणखी एक बघ. महारेराच्या साइटवर शेवटचं तिमाही अपडेट कधीचं आहे ते. आणि महापालिकेत बांधकाम परवानगी जिवंत आहे का. एमआरटीपीच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम 48 प्रमाणे ती 1 वर्षाची, दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, आणि वाढ 3 वर्षांच्या पुढं नाही. आमच्याकडं महारेराचं सगळं ठीक, परवानगीच संपलेली. सगळे एकाच तारखेकडं बघत बसलो होतो.

भडंगप्रेमी:
माईंचं बरोबर. नूतनीकरणाची प्रतच माग, तोंडी ‘प्रोसेसमध्ये आहे’ चालत नाही.

विजयनगरवाला:
नूतनीकरणाचं विचारलं, तर म्हणाले आर्किटेक्ट पुण्याला गेलेत. तेवीसपैकी नऊ जणांनी सह्या करून टाकल्यात. बाकीच्यांचा ग्रुप आत्ताच काढला. रविवारी साइटवर जमतोय, मजकूर टाइप करून नेतो. माई, तुमच्या कागदाचा नमुना नावं झाकून टाकाल का?

मिरजेची माई:
संध्याकाळी टाकते. नातू आला की स्कॅन करून देईल.