वाचनालयाचे मुलांचे उपक्रम घरी न्यावेत, की मुलांनाच वाचनालयात आणावं?

तापीकाठची वाचक (चोपडा तालुका)

मे महिन्यात मुलं फिरकत नाहीत, म्हणून आमच्या वाचनालयातलं बालविभागाचं कपाट कुलूपबंद असतं. वार्षिक सभेत मी मागणी केली की मुलं येत नसतील तर पुस्तकं त्यांच्याकडे जाऊ द्या. उत्तर मिळालं, "ज्याला वाचायचं तो येईल." मला हे अजिबात पटलेलं नाही. इथे खानदेशातले बरेच वाचक, शिक्षक, ग्रंथपाल आहेत, म्हणून विषय सविस्तर मांडते.

माझी मागणी अशी होती. शनिवारी एका कापडी पिशवीत चार पुस्तकं द्यायची: एक नुसत्या चित्रांचं, एक मुलाने स्वतः वाचायचं, एक कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि एक घरातल्या मोठ्या माणसासाठी. सोबत कोरी वही आणि घरी करायच्या दोन-तीन गोष्टींचा कागद. पुढच्या शनिवारी पिशवी परत करून दुसरी न्यायची. ज्यांना लांब पडतं त्यांच्या गल्लीत एका घरी पिशव्या ठेवायच्या.

आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. पारा 44-45 ला टेकतो, सकाळी दहाला अंगण तापतं, आणि संध्याकाळी पाचलाही कोणतीच आई सात वर्षांच्या पोराला रस्त्यावर सोडत नाही. पोरगं आलंच तर टेबलावर वर्तमानपत्रं वाचणारी मंडळी आणि स्पर्धा परीक्षेची मुलं. वर 'शांतता राखा'ची पाटी. अडलेला शब्द ते कुणाला विचारणार?

पण ऊन नसतं तरी मी हीच मागणी केली असती. मूल वाचायला लागतं ते घरात कुणीतरी त्याच्यासोबत पुस्तक उघडतं तेव्हा. घरातल्या आजीला, शेतातून आलेल्या बापाला वाचनालयाचं दार कधी आपलं वाटलेलं नाही. त्यांच्यापर्यंत पुस्तक मुलाच्या हातूनच जाईल. आपला सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 सालचा आहे आणि अनुदान जनतेच्या पैशातून येतं. मग वाचनालय सगळ्या गावाचं झालं, फक्त वर्गणीदारांचं नाही.

आमच्या गल्लीत आम्ही आपापली पुस्तकं अशी फिरवून पाहिली. कागदावर एक प्रश्न होता: घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, लहानपणी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काय काय करायचे? चौथीतल्या एका मुलीने दोन ओळी शाळेच्या मराठीत लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीपासून सरळ अहिराणी. झोका कोणत्या निंबाला बांधायचे, गौराईपुढे सांजोऱ्या कोण ठेवायचं, कोणाशी भांडण व्हायचं, सगळं. पान संपलं तिथे निळ्या शाईत आजीचा अंगठा होता. आजीनेच मागून घेतला, म्हणे माझं सांगणं आहे तर माझी निशाणी पाहिजे. ती वही वाचनालयाच्या कपाटात असायला हवी की नको?

एक ग्रंथपाल ('ड' वर्ग)

ताई, तळमळ कळते. पण हिशोबही ऐका. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाचे, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातल्या वाचनालयाचे, वर्षाचे 30,000 चे 48,000 झाले. वर्षाचे, महिन्याचे नव्हे. त्यातला निम्मा वेतनावर. उरलेल्यात पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल, बांधणी. मी एकटाच ग्रंथपाल, मीच लेखनिक, मीच शिपाई.

चार पुस्तकांच्या वीस पिशव्या म्हणजे ऐंशी पुस्तकांची देवघेव एका सकाळी. प्रत्येकाचा दाखल क्रमांक (नोंदवहीतला), तारीख, सही. चित्रांचं पुस्तक दोन घरं फिरलं की त्याचा कणा सुटतो. हरवलं तर तपासणीच्या वेळी मला विचारतात, गल्लीतल्या त्या घराला नाही. म्हणून माझ्यासारखे लोक कपाटाला कुलूप लावतात. मुलांचा राग येतो म्हणून लावत नाहीत.

आणि कुणीतरी आता सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो: पुस्तक मोठ्याने वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं हा फुकटचा उपाय नाही. लेखक-प्रकाशकाच्या परवानगीशिवाय अख्खं पुस्तक रेकॉर्ड करून वाटता येत नाही.

भुसावळचा निवृत्त रेल्वेवाला

माझा विरोध पैशांसाठी नाही. पैसे लोकवर्गणीतूनही उभे राहतील. मुलाने घराबाहेर पडून वाचनालयात जाणं, हाच मला सगळ्यात मोठा उपक्रम वाटतो.

आमच्या भुसावळात रेल्वेमुळे देशभरचे लोक आले. तरी शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, क्रिकेटचे गटसुद्धा वेगळे. वाचनालयाच्या बाकावर मात्र लोको पायलटचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकाच अंकासाठी थांबलेले मी पाहिलेत. दोघांची ओळख त्या थांबण्यातून झाली. पिशवी घरी गेली की हे संपलं.

दुसरं, पिशवी कुणाच्या घरी जाईल ते नीट पाहा. ज्या आईला वेळ आहे, वाचता येतं, पिशवी वेळेवर परत करायची सवय आहे, तिच्याच घरी. म्हणजे ज्या घरात आधीच पुस्तकं आहेत तिथे आणखी चार जातील. ज्या घरात पत्र्याखाली पाच माणसं एका खोलीत झोपतात, तिथल्या मुलाला पंखा, उजेड आणि बसायला जागा पाहिजे. ती वाचनालयच देऊ शकतं. उन्हाचा प्रश्न असेल तर वाचनालय सकाळी सहाला उघडा.

जळगावची नोकरदार आई

मी दोघांच्याही विरोधात लिहिते आहे, राग मानू नका.

'घरी करायच्या गोष्टींचा कागद' हे शब्द वाचले आणि धडकी भरली. शाळेच्या गटावर रोज काहीतरी येतंच. पानं चिकटवा, फोटो काढा, अमुक दिवसाचं भाषण पाठ करून घ्या. एमआयडीसीतून घरी यायला मला सात वाजतात. मग स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, उद्याचा डबा. कुटुंबासाठी उपक्रम म्हणतात, पण तो करून घेते घरातली बाईच. वडिलांना कुणी विचारत नाही. वाचनालयानेही कागद पाठवला तर ती माझ्यासाठी आणखी एक शाळा होईल.

आणि आबा, सकाळी सहाला उघडून माझ्या मुलीला कोण आणून सोडणार? आमच्यासारख्यांना रविवार आणि रात्री नऊपर्यंतची वेळ हवी. तीच नेमकी बहुतेक ठिकाणी बंद असते.

तापीकाठची वाचक

ताई, तुमचा मुद्दा मला लागला. पण तो अंगठा पुन्हा पाहा. त्या घरात आईने काहीच केलं नव्हतं, ती शेतात होती. नात आणि आजी दुपारभर घरी होत्या, म्हणून ते पान झालं. मला चिकटवाचिकटवी नकोच आहे. विचारायचे प्रश्न हवेत, आणि ते अशा माणसाला विचारायचे की ज्याला दुपारी कुणी विचारत नाही.

आबा, बाकावरच्या ओळखीचं तुमचं म्हणणं खरं. पण त्या बाकावर मुली किती होत्या? आमच्याकडे सहावी-सातवीनंतर मुलीला "वाचनालयात काय काम आहे?" असं विचारलं जातं. तिच्या भावाला नाही विचारत. ती येईपर्यंत वाट पाहायची, तर तिचं लग्न होऊन जाईल.

धडगावकडची शिक्षिका

नंदुरबारच्या बाजूने लिहिते. माझ्या वर्गातली मुलं घरी पावरी बोलतात, काही भिली. तुमच्या पिशवीतली चारही पुस्तकं प्रमाण मराठीत असतील, तर पिशवी आईपर्यंत पोहोचूनही आई बाहेरच राहणार. म्हणून नुसत्या चित्रांच्या पुस्तकांची संख्या वाढवा. शब्द नसलेलं पुस्तक आई तिच्या भाषेत सांगते आणि मूल मधेच तिला दुरुस्त करतं, "नाही, तो कुत्रा आधी पळाला!" वाचनाची सुरुवात मी तिथे पाहिली आहे.

आणि 'घर' म्हणजे काय हेही ठरवा. दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलांसह. तेव्हा घर म्हणजे फडावरचं खोपटं. तिथे कोणतं वाचनालय येणार? पण जाताना पोत्यात दोन पुस्तकं बांधून दिली तर ती जातात. परत येतीलच असं नाही. मी ती गेलेलीच धरते आणि तरीही देते. ग्रंथपाल भाऊंना हे आवडणार नाही, पण ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांनी 1931 मध्येच पहिला नियम लिहिला की पुस्तकं वापरासाठी असतात.

एक ग्रंथपाल ('ड' वर्ग)

मॅडम, रंगनाथनांचे पाचही नियम परीक्षेला लिहून आलोय. चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा, आणि त्यात ग्रंथपालाचाही वेळ येतो. नियम मला मान्यच आहे. पण वापरात फाटलेलं पुस्तक नोंदीतून कमी करायची रीतसर पद्धत असते, ठराव लागतो. मी मागतोय ते एवढंच की वाचनालयाच्या मंडळाने आधी लेखी ठराव करावा: या उपक्रमातली पुस्तकं झिजणार, हरवणार, आणि त्याचा बोजा कर्मचाऱ्यावर येणार नाही. एवढा ठराव करा, कुलूप मी काढतो.

अमळनेरकर

साने गुरुजींचं नाव अजून कसं आलं नाही? प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दिवसभर शिकवून रात्री हाताने लिहायचं आणि सकाळी मुलांसमोर ठेवायचं. मुलं ग्रंथालयात येतील म्हणून ते थांबले नाहीत. मुलं जिथे झोपत-उठत होती तिथे वाचायला दिलं. 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिकही काढलं. 2024 च्या फेब्रुवारीत आमच्या गावात 97 वं साहित्य संमेलन झालं, केवढी गर्दी लोटली होती! त्या गर्दीतल्या किती घरांत आज मुलाच्या हाताला येईल असं पुस्तक आहे?

भुसावळचा निवृत्त रेल्वेवाला

भाऊ, गुरुजींचं उदाहरण माझ्या बाजूने आहे. वसतिगृह म्हणजे घर नव्हे. तिथे वेगवेगळ्या गावांची, जातींची मुलं एकत्र राहायची आणि एकच अंक सगळे मिळून वाचायचे. मी तेच मागतोय. चार भिंतींत एकेका मुलाच्या हाती दिलेलं पुस्तक आणि सगळ्यांसमोर ठेवलेला अंक, यात फरक आहे.

मुलींबद्दल ताई म्हणतात ते मात्र मी मान्य करतो. पण मग त्यांच्या येण्यासाठी भांडू या ना. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त मुली आणि त्यांच्या आया, आणि टेबलावर बाई बसलेली. पिशवी घरी पाठवून दिली की घरच्यांची सोय होते: "आलं ना पुस्तक घरी, आता जायचं कशाला?" ही भीती मला खरोखर वाटते.

तापीकाठची वाचक

या भीतीला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तशी घरं असतील. म्हणून पिशवी बदलायला वाचनालयातच यायचं, हे मी पहिल्यापासून धरलंय. गल्लीतलं घर फक्त लांबच्यांसाठी. आणि शक्यतो मुलीनेच पिशवी आणावी. हातात वाचनालयाची पिशवी असली की रस्त्यात कुणी "कुठे चालली?" विचारलं तर सांगायला काम असतं.

पण घरातून काही येणारच नाही, फक्त घराला द्यायचं आहे, हे धरून चालू नका. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ती गाणी टिपून ठेवली म्हणून 1952 मध्ये पुस्तक आलं आणि आज ती आपल्याजवळ आहेत. जे टिपलं गेलं नाही ते किती असेल, याचा विचार करून मला झोप येत नाही. कानबाईची गाणी, शेतातल्या ओव्या, अहिराणीतली कोडी, हे सगळं घरात आहे. कोरी वही त्यासाठी आहे.

अमळनेरकर

ग्रंथपाल भाऊंच्या परवानगीच्या मुद्द्यावर थोडं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने खुल्या आहेत. लेखक-चित्रकारांचं नाव देऊन त्या छापता येतात, वाचून पाठवता येतात, अहिराणीत करूनही घेता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ज्या वाचनालयाकडे बालसाहित्य विकत घ्यायला पैसे नाहीत, त्याने इथून सुरुवात करावी.

एक ग्रंथपाल ('ड' वर्ग)

स्टोरीवीव्हरच्या गोष्टी छापून शिवल्या तर दाखल क्रमांकाची भानगड नाही. फाटल्या तर पुन्हा छापू. हे मला जमेल. अशा दहा पिशव्या मी माझ्या जबाबदारीवर काढतो. खरेदीची पुस्तकं मात्र ठराव झाल्यावरच.

अंगठ्याचं पान असलेली वही परत आली तर ती मी दाखल करून घेईन. तिला क्रमांक देईन. तशी नोंद करायला काही हरकत नसावी.

भुसावळचा निवृत्त रेल्वेवाला

माझं मत बदललेलं नाही. पण शनिवारी पिशव्या बदलायला मुलं येतील तेव्हा त्यांना तासभर बसवून घ्या, लगेच पळवू नका. मी आमच्या वाचनालयात हाच तास मागणार आहे, पिशवीशिवाय.

जळगावची नोकरदार आई

शनिवारी मला सुट्टी नसते. रविवार करा. आणि कागदावर एक प्रश्न तरी असा लिहा की जो वडिलांनाच विचारावा लागेल.

तापीकाठची वाचक

रविवारचं मंडळाला विचारते. वडिलांच्या प्रश्नासाठी सुचवा कुणीतरी. मी असा विचार केलाय: शाळा सुटल्यावर घरी यायच्या वाटेत तुम्ही कुठे थांबायचा, आणि सोबत कोण असायचं?