सोबतीला घोडा असला की शहाणी, एकटी निघाली की बुजते: काय करावं?

सुपारीवाडी

नमस्कार मंडळी. आमचं घर चौलला, वाडीतच. माझी घोडी काजळ, काठेवाडी, वय साधारण सात. सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतली. अंगाने चांगली आहे, खरारा करताना डोळे मिटून उभी राहते, नालबंदाला पाय देते, घरच्या लहान मुलांनाही कधी धक्का लावलेला नाही.

अडचण एकच. शेजाऱ्यांच्या टांग्याचा म्हातारा घोडा सरदार बरोबर असला की ती रेवदंड्याच्या बाजारातूनसुद्धा मान खाली सोडून चालते. बाजूने एसटी गेली, हॉर्न वाजला, कानही हलवत नाही. तीच घोडी एकटी बाहेर काढली की गडगा (दगडी कुंपण) संपेपर्यंत ठीक चालते आणि रामेश्वराच्या तळ्याकडे वळायच्या फाट्यावर पाय रोवते. मान वर, कान ताठ, नाकपुड्या फुगवून जोरात फुरफुरते. मग सरदारला हाक मारल्यासारखी खिंकाळते आणि जागच्या जागी गर्रकन फिरून घराकडे निघते. तिथे एका घरावर निळी ताडपत्री आहे, पुढे मासळीवालीची मोटारसायकल क्रेट वाजवत येते. ती कशाला घाबरते तेच मला कळत नाही.

सरदार शनिवार-रविवार नागावच्या किनाऱ्यावर कामाला असतो, शिवाय त्याचं वय झालंय. उद्या तो नसेल तेव्हा हिचं काय, ही काळजी आहेच. सकाळी तिच्यावर बसून शांतपणे किनाऱ्यापर्यंत जाऊन यावं, एवढीच इच्छा आहे. गावात कुणी म्हणतं दोन फटके ठेवून द्या, कुणी म्हणतं विकून टाका. मला दोन्ही करायचं नाही. ज्यांनी अशी घोडी सुधारलीय त्यांनी कृपया सांगा.

दापोलीकर

ताई, घोडीने ठरवलं आणि तुम्ही ऐकलं, असं होतंय. फिरून घरी येता आलं की पुढच्या वेळी ती आणखी लवकर फिरणार. उतरायचं नाही, टाच द्यायची, गरज पडली तर काठी दाखवायची, पण तो फाटा ओलांडूनच थांबायचं. मी माझा घोडा असाच तयार केला. हळवेपणाने जनावर बिघडतं.

गुरांचा डॉक्टर

काहीही शिकवायला सुरुवात करण्याआधी घोडी दुखत तर नाही ना, हे बघून घ्या. खोगीर पाठीच्या कण्यावर टेकतंय का, तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना ती कान मागे टाकते का, दाढांना धार येऊन कडियाळं (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) टोचतंय का, नाल सैल आहेत का. दुखऱ्या घोड्याला सोबत असताना धीर राहतो आणि एकट्याने निघाल्यावर तो सुटतो, त्यामुळे दुखणं भीतीसारखं दिसतं.

पावसाळ्यानंतर आपल्याकडे गोमाश्या फार. सारखी मान झटकणं, पाय आपटणं हे पुष्कळदा त्यांच्यामुळे असतं. त्यांच्यामार्फत सर्रा हा रक्तातला आजारही पसरतो. ताप येऊन-जाऊन, घोडी खंगत चाललेली, पायांना सूज असं काही असेल तर रक्त तपासा. निवांत उभ्या घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. घरी शांत असतानाचे मोजून ठेवा, म्हणजे बाहेर किती वाढतात ते कळेल.

आणि रेतीवर चारा टाकत असाल तर आजच बंद करा. रेती पोटात साठून पोटशूळ उठतो. थोडी लीद बादलीत पाण्यात कालवा, तळाशी रेती बसली तर लगेच दाखवून घ्या.

टापांचा आवाज

ताई, मी मुरूडचा. आमच्या घरात वडिलांच्या आधीपासून टांग्याची घोडी. माझं वय झालं, तरी अजून रोज पागेत असतो. तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही नीट पाहिलंय. उत्तर त्यातच आहे.

सरदारसोबत जी घोडी एसटीला भीत नाही, ती ताडपत्रीला भीत असेल असं मला वाटत नाही. तिला एकटं पडण्याची भीती आहे. ताडपत्री, मोटारसायकल, क्रेट हे सगळं त्या भीतीवर चढतं. सोबत असते तेव्हा आजूबाजूला बघण्याचं काम ती सरदारवर सोपवते. एकटी निघाली की ते काम तिच्या अंगावर येतं, आणि ते तिला कुणी शिकवलेलंच नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून तापीकाठी घोड्यांच्या रांगाच्या रांगा बांधलेल्या असतात. तिथून ती थेट सरदारच्या शेजारी आली. एकटी राहण्याची वेळ तिच्यावर आली कधी?

म्हणून फाटा आत्ता सोडून द्या, महिनाभर तिकडे जाऊच नका. सुरुवात घरामागून करा. सरदार दिसणार नाही अशा जागी, विहिरीकडे किंवा गोठ्याच्या पलीकडे, तिला न्या. तिथेच खरारा, तिथेच मूठभर चंदी (दाणा). ती खिंकाळायच्या आत परत आणा. हळूहळू वेळ वाढवा. ती निवांत चघळते आहे, लीद घट्ट आहे, एक मागचा पाय मोडून विसावते आहे, इतकं झालं की पुढे. हे करताना एक लक्षात ठेवा: तिने सरदारला सोडून जाणं आणि सरदारने तिला सोडून जाणं, हे दोन धडे वेगळे आहेत. काही घोड्यांना पहिला जमतो, दुसरा जमत नाही. दोन्ही करून घ्या.

मग पायी. तोच रस्ता, खोगीर नाही, मोरखी (तोंडात लोखंड नसलेला मुखपट्टा) आणि लांब दोरी. तुम्ही तिच्या खांद्याशी चाला. पुढे राहून ओढलंत तर ती मागे ताणते आणि भांडण सुरू होतं. जिथे थांबेल तिथे थांबू द्या, बघू द्या. घोड्याला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. मान वर-खाली, आडवी करून तो ती वस्तू नीट पाहून घेतो. लगाम आखडून धरलात तर त्याला पाहताच येत नाही, आणि जे नीट दिसत नाही त्याची भीती वाढते.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी बाहेरगावच्या लोकांना सांगून कळत नाही. उन्हातून एकदम सुपारीच्या दाट सावलीत शिरताना आपले डोळे पटकन सरावतात, घोड्याला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ समोर त्याला काळोख दिसतो. तुमचा फाटा नेमका वाडी संपून ऊन लागतं तिथे आहे का, किंवा उलट? असेल तर रोज तिथे आपणहून थांबा, तिने अडण्याआधी.

आता मुख्य गोष्ट. ती थांबून बघते, मग मान जरा खाली येते, ओठ चाटते, लांब श्वास सोडते. त्या क्षणी तुम्ही वळा आणि घरी चला. ती घाबरून वळायच्या आधी तुम्ही वळायचं. त्यात तिला दोन गोष्टी कळतात: शांत झालं की सुटका होते, आणि कुठे वळायचं ते ताई ठरवतात. दुसऱ्या दिवशी पाच-दहा पावलं पुढे. गडग्याचा कोपरा, मग तो विजेचा खांब, मग ताडपत्रीचं घर, अशा खुणा ठेवा.

दापोलीकरांचं अर्धं म्हणणं मला पटतं. फिरून घरी पळण्याची सवय लागू देऊ नये. पण काठीने फाटा ओलांडला तर घोडी शिकते ती एवढंच, की त्या फाट्यावर मार बसतो. मग ती भीती फाट्याच्या आधीपासून सुरू होते. माझ्या वडिलांचा नियम होता: थांबायची मुभा, वळायची नाही. बसलेल्या असताना ती फिरायला लागली तर दोन्ही लगाम ओढू नका, त्याने ती वर उठते. ज्या बाजूला फिरतेय त्याच्या उलट बाजूचा एक लगाम बाजूला उघडा, तिला पुन्हा समोर तोंड करून उभी करा आणि हात लगेच ढिला सोडा. पुढे गेली नाही तरी चालेल. तोंड समोर हवं.

सरदारचाही उपयोग करून घ्या, म्हातारे घोडे उत्तम मास्तर असतात. दोघं बाहेर पडताना काजळ पुढे, सरदार मागे. मग त्याला हळूहळू जास्त मागे ठेवा. पुढे चौलच्या गल्ल्यांत सरदार एका गल्लीने, काजळ दुसऱ्या, आणि दोघं पलीकडे भेटतात असं करा. भेट ठरलेली आहे हे तिला कळलं की मधला एकटेपणा ती सोसते. सरदार थकलेला असेल त्या दिवशी मात्र त्याला राहू द्या.

वर बसून एकटी निघाल तेव्हा गेल्या रस्त्याने परतू नका, फेरा घ्या. परतीचं वळण कुठलं हे घोडीला कळलं की ती तिथेच अडते किंवा तिथून ओढ घेते. फेऱ्यात तिला ते कळत नाही. आणि तोंडाने बोलत राहा. भजन म्हणा, आरती म्हणा, काहीही. गाणाऱ्या माणसाला श्वास कोंडून धरता येत नाही, आणि बसणाऱ्याचा श्वास थांबला की घोडीला खोगिराखालून लगेच समजतं. तुम्हालाच धीर सुटल्यासारखं वाटलं तर उतरून तिच्या खांद्याशी चाला. त्यात कमीपणा काही नाही, पायी चालताना ती तुम्हाला ओळखतेच.

मोटारसायकलसाठी: ओळखीच्या मुलाला सांगून गाडी हळू पुढे न्यायला लावा आणि काजळला तिच्या मागून चालू द्या. जी वस्तू आपल्यापासून लांब जाते, तिच्यामागे घोडा धीट होतो. क्रेट नंतर बांधा.

घरी आल्या आल्या चंदी देऊ नका. विसावा, गाजराचा तुकडा, मान खाजवणं हे लांबच्या टोकाला द्या. घरी आधी थोडं चालवा, मग खोगीर उतरवा.

डोक्यावर हेल्मेट, मोबाइल अंगावर. खोगिराला बांधलेला मोबाइल घोडीबरोबर घरी जातो. लाडात येणारी घोडीसुद्धा घाबरली की तुम्हाला विसरते, म्हणून निघताना घरी सांगून निघा.

दापोलीकर

काका, वळण्याआधी आपण वळायचं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. माझा घोडा आजही एका पुलाच्या अलीकडे घामाने भिजतो. तिथून करून बघतो.

सुपारीवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, खोगीर खरंच मागे कण्यावर टेकत होतं, आतली भरण बदलून घेतली. तंग आवळताना आता कान मागे जात नाहीत. लिदीत रेती नाही.

काका, फाटा वाडीच्या सावलीतून उन्हात निघतानाच आहे! हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. घरामागचं काम दिवाळीपर्यंत केलं. आधी ती चंदी तोंडात धरूनच खिंकाळायची, आता सरदार टांग्याला जुंपून निघून गेला तरी मान वर करून बघते आणि पुन्हा खाते. पायी तळ्यापर्यंत जाऊन येतो. परवा पहिल्यांदा बसून फेरा झाला. ताडपत्रीपाशी थांबली, मी गणपतीची आरती म्हणत होते, तिने लांब श्वास सोडला आणि स्वतःहून पाऊल टाकलं. मला रडूच आलं.

आता प्रश्न किनाऱ्याचा. कधी न्यावी? आणि पायी नेऊ की बसून?

टापांचा आवाज

वा! आरतीची बातमी घरात वाचून दाखवली.

किनाऱ्याची घाई नको. मोकळी जागा आपल्याला शांत वाटते, पण एकट्या घोडीला तिथे ना गडगा ना झाड, आणि फेसाची रेघ पायाखाली सरकत असते. त्या हलत्या रेघेने पुष्कळ घोडी आडवी चालतात. पहिल्यांदा पायीच, सरदारसोबत, मग एकटी. लाटांकडे तोंड करून उभी करू नका. पाण्यापासून लांब, किनाऱ्याला समांतर चालवा आणि रोज थोडं पाण्याकडे सरका.

वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढच्या चतुर्थीपर्यंत सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पाणी पार मागे गेलेलं असतं. उधाणाचे दिवस असल्याने ओहोटीही लांबवर जाते आणि ओली, घट्ट, रुंद पुळण मिळते. तेच तुमचे दिवस. वरची कोरडी भुसभुशीत रेती टाळा, तिथे पायांच्या कंडरांवर ताण येतो. खाडीच्या तोंडाकडे चिखल असतो, तिकडे अजिबात नको.

शनिवार-रविवार जाऊ नका, पर्यटकांच्या गाड्या वाळूवर येतात. वलांडीवर बोंबील वाळत असतील तर वाऱ्याची दिशा बघा. वास आधी आला आणि वस्तू नंतर दिसली की ती बिचकते. लांबून वळसा घेऊन जवळ न्या.

किनाऱ्यावर दौड इतक्यात नाही. आधी कदम (साधी चाल), मग दुडकी (हलकी धाव), तीही घराच्या उलट दिशेला. घराकडे तोंड असताना फक्त कदम. परत आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, खुरांत अडकलेली रेती काढा.

आणि दत्तजयंतीपासून तुमच्या चौल-भोवाळ्याची यात्रा पाच दिवस असते. पाळणे, भोंगे, गर्दी. तेवढे दिवस रस्त्यावर काढू नका, घरामागेच काम करा. यात्रा उठली की मार्गशीर्ष अमावास्येनंतरच्या सकाळी धरा. तेव्हा कसं झालं ते इथे लिहा, मी वाट बघतो.