रिपोर्टमधला ठळक आकडा: तुमचे अनुभव लिहा

रातकिडा:
काल लेकीचा रिपोर्ट आला. वय वर्षं १०, एलडीएल (ते वाईट कोलेस्टेरॉल) १३४, शेजारी ठळक 'एच', म्हणजे हाय. मुलांमध्ये ११० च्या आत हवं म्हणे. ते बघून माझाच जुना रिपोर्ट आठवला. २६ व्या वर्षी १६८ आलं होतं. कागदाची चार वेळा घडी घालून पाकिटात कोंबला नि विसरलो. वर्षाने काढला तर नेमका घडीवरचा आकडा पुसलेला.

लहानपणी मी संध्याकाळी घरात सापडायचो नाही. मग परीक्षेचं वर्ष आलं. खेळ बंद, जागरणं, उशाशी बिस्किटांचा पुडा. परीक्षा संपली, पुडा मात्र राहिला. आता लेक टॅबवर लोळत असते आणि पुडा तिच्या हातात असतो. कोणाला काय रागवायचं?

साळुंकी:
सेम पिंच. एक सांगते, वयात येताना कोलेस्टेरॉल आपोआप थोडं उतरतं. मुलाचं १४ व्या वर्षी नॉर्मल आलं, आम्ही खूश! १८ ला परत होतं तिथे. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, म्हणूनच ९ ते ११ मध्ये एकदा आणि १७ ते २१ मध्ये एकदा बघायचं. गॅसवर दूध आहे, नंतर लिहिते.

कुलूपकिल्ली:
वजन ५८, एलडीएल २१०. भेटेल तो म्हणतो वजन कमी कर. कुठून करू, हाडांतून?
वडिलांना ४२ व्या वर्षी अ‍ॅटॅक आला होता. आमचं जास्त कोलेस्टेरॉल घराण्यातलं आहे. साधारण २५० तल्या एकाला असतं, आणि आईबापातल्या एकाकडे असलं तर मुलाला यायची शक्यता निम्मी. पथ्य, व्यायाम सगळं करतो, तरी गोळी लागतेच. रातकिडा, तुमचाही आकडा तरुणपणीच वाढलेला, तेव्हा घरात कोणाला लवकर हृदयविकार झालाय का ते आधी विचारा. पोरीला उगाच बोलू नका.

उंटावरचा:
अंड्याचा बलक सोडून ६ वर्षं झाली हो माझी 😭 आता म्हणतात त्याने तितकं बिघडत नाही.

दुपारची झोप:
@उंटावरचा, बलक कशात तळायचात ते सांगा आधी. लोण्यासारख्या घट्ट चरबीने यकृत रक्तातलं एलडीएल उचलायचं कमी करतं, खरी गोम तिथे आहे. कोलेस्टेरॉल बरंचसं यकृतच बनवतं.

उंटावरचा:
लोण्यातच 🙈

पायरीवर:
फिनलंडमध्ये १९८० साली ३ ते १८ वयाची मुलं निवडून त्यांना मोठेपणीही तपासत राहिले. लहानपणी ज्यांचं एलडीएल जास्त, त्यांच्या मानेच्या धमन्या तिशीच्या आसपासच जाड झालेल्या निघाल्या. हे वाचलं त्या दिवशी सिगरेट सोडली. (चौथ्यांदा. पण यावेळी टिकलीय.) एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४ वरून ४१ झालं. एलडीएल ढिम्म. चालायला लागल्यावर ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) मात्र झपझप उतरले.

साळुंकी:
आले. दूध उतू गेलं. पायरीवर, अभिनंदन! सोडल्यावर वजन वाढलं का? आमच्या ह्यांचं ५ किलो वाढलंय, चिडचिड वेगळीच.

पायरीवर:
३ किलो. चिडचिडीचं बायकोला विचारा ताई.

गारवेल:
थायरॉइड बघितलंत का लेकीचं? माझं कोलेस्टेरॉल त्यामुळेच चढलेलं. मी दोन वर्षं स्वतःला कोसत उकडलेलं खाल्लं.

रातकिडा:
नाही बघितलं, करून घेतो. कुलूपकिल्ली, आईला फोन केला. आजोबा ४५ ला गेले ते 'छातीत कळ येऊन', हे मला आज कळलं. घरी 'अचानक गेले' एवढंच सांगायचे. आता माझंही परत तपासतोय.
टॅब काढून घेतला नाही. दोरीवरच्या उड्यांची पैज लावली. ती ६२, मी ९. दोरी सारखी पायात येते.

दुपारची झोप:
दोरी लांब असेल. मधोमध पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढा, काखेपर्यंत यायला हव्यात.

उंटावरचा:
आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं ते बघा आधी. अनुभवाचे बोल.