मदत हवी आहे: नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को, अंतर 13,100 किमी, मग 26 तास कसे?

संत्रानगरी: नकाशावर हवाई अंतर 13,100 किमी दिसतं. ताशी 900 धरले तर साडेचौदा तास. तिकिटांवर मात्र 24 ते 30 तास, आणि परतीला तारीख दोन दिवस पुढची. आईबाबा सत्तरीचे आहेत, पहिलाच विमानप्रवास. दोहामार्गे काढू की दिल्लीमार्गे?

सोनेगाव_रनवे: 13,100 म्हणजे गोलावरचं सरळ अंतर, पण नागपूरहून थेट विमानच नाही. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात बोइंग 777 येतात ती दुरुस्तीला. रिकामं विमान उतरवणं वेगळं, मे महिन्याच्या तापलेल्या हवेत टाक्या भरून उडवणं वेगळं. दोहामार्गे 2,840 अधिक 13,000, म्हणजे 15,840 किमी. दिल्लीमार्गे 850 अधिक 12,380.

पण अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हे गृहीत धरू नका. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. मार्ग अटलांटिकवरच्या प्रत्यक्ष वाटेपेक्षा सुमारे 1,400 किमीने लांबून 15,300 झाला, तरी पाठीमागून वारा मिळाल्याने विमान साडेचौदा तासांत पोचलं. त्याच वाटेने परतलं तर तोच वारा तोंडावर. शिवाय एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली, त्याचे वळसे आलेच. आणि 900 हा वर गेल्यावरचा वेग. विमानाचं जमिनीवरचं सरकणं, चढण, उतरण धरून दोहा–सॅन फ्रान्सिस्को सोळा तासांच्या आसपास जातं. उरलेले तास थांब्याचे.

घड्याळवाला: तारखेचं असं: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे, एरवी साडेतेरा. उन्हाळ्यात पहाटे 4 ला नागपूर सोडलं आणि 26 तास लागले, तर तिथे त्याच तारखेचे संध्याकाळचे साडेपाच. परतताना रविवारी दुपारी 4 ला निघाले तर नागपुरात मंगळवारी सकाळी साडेसहा. गाडी सोमवारी पाठवू नका, राजेहो.

संत्रानगरी: नागपूर–दिल्ली वेगळं काढलं तर स्वस्त पडतंय. चालेल?

काउंटर_नं_4: आईबाबांसाठी नको. दोन पीएनआर (बुकिंग क्रमांक), म्हणजे दोन वेगळी तिकिटं असली की नागपूरचं विमान धुक्यात अडकलं, पुढचं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला हे नेहमीचं. बॅगाही दिल्लीत उचलून पुन्हा द्याव्या लागतात, आणि विमान टर्मिनल 1 ला उतरलं तर आंतरराष्ट्रीय विमानासाठी टर्मिनल 3 पर्यंत रस्त्याने जा. एकाच पीएनआरवर काढा. दिल्लीत इमिग्रेशन असल्याने चार तासांचा थांबा ठेवा, दोह्यात अडीच-तीन पुरतात. माझं मत दोहा: नागपुरातच इमिग्रेशन होतं, मराठी-हिंदीत बोलता येतं. फक्त नागपूर–दोहा कोणत्या वारी आहे ते आधी पाहा.

न्यूयॉर्क किंवा शिकागोमार्गे स्वस्त दिसेल, ते टाळा. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे बॅगा पट्ट्यावरून काढून कस्टम्स ओलांडून परत द्याव्या लागतात. व्हीलचेअर बुकिंग करतानाच टाका, निदान 48 तास आधी. जिने चढता येत नसतील तर तसं सांगा, त्याचा कोड वेगळा असतो. तुमचा तिथला पूर्ण पत्ता आणि फोन कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा, मोबाइलच्या भरवशावर नको.