खाली पिठाची गिरणी, वर घर: परवाना असला तर कोर्टाची मनाई मिळत नाही का?

पहिलामाळा: तळमजल्यावर गिरणी, वर भाडेकरू कुटुंब. सकाळी ७ ते रात्री १० चक्की चालू, फरशी थरथरते, खिडकीच्या गजांवर पीठ साचतं. गिरणीवाला पालिकेचा परवाना दाखवतो. शिवाय 'गिरणी आधीपासूनची आहे' म्हणतो. पोलीस 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतात. भाडेकरूला दावा करता येतो का?

दिवाणीकज्जा: येतो. ताबा तुमचा, त्रासही तुम्हालाच. परवाना धंद्याचा असतो, शेजाऱ्याला पीडा देण्याचा नाही. 'राधेश्याम वि. गुरप्रसाद' (एआयआर १९७८ अलाहाबाद ८६) नक्की वाचा. तिथेही खाली पिठाची गिरणी आणि वर बिऱ्हाड होतं. वस्ती आधीच गजबजलेली असली तरी गोंगाटात ठळक भर पडली की तो उपद्रवच, असं कोर्टाने धरलं. 'आधीपासूनची' हाही बचाव नाही. मात्र हाच त्रास २० वर्षं उघडपणे, अखंड चालू असेल तर समोरचा सुखाधिकार कायद्याचं कलम १५ (दीर्घ वापराने हक्क मिळतो असं सांगणारं) पुढे करेल. गिरणी चालवणारा आणि गाळ्याचा मालक, दोघांनाही प्रतिवादी करा.

पहिलामाळा: पुरावा म्हणून मोबाइलचे व्हिडिओ पुरतील?

दिवाणीकज्जा: एकटे नाही. आवाज व्हिडिओत येतो, हादरा येत नाही. फरशीवर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवून चक्की सुरू होताना चित्रण करा. पाण्यावरच्या लहरी दिसतात. तारीख-वेळेची वही ठेवा. दाव्यासोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर (कोर्टाने जागेच्या पाहणीसाठी नेमलेला माणूस) नेमण्याचा अर्ज द्या, त्याचा पाहणी अहवाल फार वजनदार ठरतो. तात्पुरत्या मनाईचा अर्ज त्याच संहितेच्या आदेश ३९ खाली. चालू उपद्रवात दावा लावण्याची मुदत रोज नव्याने सुरू होते (मुदत कायदा कलम २२), पण वर्षभर गप्प बसलात तर 'एवढी घाई कसली?' हा प्रश्न येणारच.

कलमबहाद्दर: पोलिसांचं थोडं बरोबर आहे. बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १५२ सार्वजनिक उपद्रवासाठी आहे, एकाच घराच्या त्रासाला ते सहसा लागू पडत नाही. आवाजाची तक्रार मात्र वेगळी करता येते: रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. त्याहून १० किंवा जास्त भरला तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधला नियम ७ वापरा. भाग व्यापारी नोंदलेला असेल तर दिवसाची मर्यादा ६५, ते आधी तपासा.

एक चूक हमखास होते: फक्त 'गिरणी बंद करा' एवढंच मागतात. कोर्ट कुणाच्या पोटावर पाय द्यायला कचरतं. पर्यायी मागणी लिहा: ठरावीक वेळा, यंत्राखाली रबरी पॅड, पीठ धरणारी कापडी पिशवी, भिंतीला टेकलेली मोटर हलवणं.