नादे अली कोरलेल्या वाडग्याला पुन्हा कल्हई करावी का?

सुईदोरा:
आमच्या शेजारी मूळ यज्दचं शिया इराणी कुटुंब राहतं. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेला तांब्याचा वाडगा आहे, छोट्या तसराळ्याएवढा. बाहेरून काठाखाली अक्षरांची पट्टी: पैगंबर, फातिमा आणि 12 इमाम अशा 14 मासूमांवर (शिया ज्यांना निष्पाप मानतात) दुरूद, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, त्याखाली ‘नादे अली’, म्हणजे पहिल्या इमामाला, अलीला, हाक मारायची दुआ (प्रार्थना). सफावी काळात (1501 ते 1736) शिया पंथ इराणचा राजधर्म झाला, तेव्हापासून हा मजकूर अशा भांड्यांवर खूप दिसतो. अंगठा टेकतो तिथली कल्हई झिजून लालसर तांबं दिसतंय. घरातल्या आजींना नवी कल्हई हवी आहे. माझं ठाम मत, करू नये. ती झीज त्या घराच्या हातांची आहे.

ओतारी:
अजिबात पटलं नाही. कल्हई गेलेल्या तांब्यात ताक ओतून बघा, तासाभरात कळकतं. इराणात कल्हईवाल्याला सफेदगर म्हणतात, आणि घरातली तांब्याची भांडी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जायची. आत्ता दिसतोय तो थर पहिला आहे कशावरून? आपला ‘कल्हई’ शब्दही तिकडूनच आलाय.

सुईदोरा:
पण कल्हईआधी भांडं कसं घासतात ते आठवा. अक्षरांच्या कडा बोथट होणार. रेघांमधलं काळं भरण भट्टीवर टिकेल का? ‘अली’तला ऐन (पहिलं अरबी अक्षर) आत्ता नखाला लागतो इतका धारदार आहे.

पाणवठा:
तुम्ही दोघं धातूवरच अडकलात. दुआ कोरलेला वाडगा पाण्यासाठी असतो. सीरियाचा राज्यकर्ता नूरुद्दीन झंगी याच्या नावाचा 12व्या शतकातला वाडगा आहे, त्यावर विंचूदंश, सर्पदंश, पिसाळलेला कुत्रा अशी उपयोगांची यादीच कोरली आहे. असल्या भांड्यातलं पाणी आजाऱ्याला पाजायचे. कपाटात ठेवलेत तर दुआ मुकी झाली. आजींना प्यायचंय, त्यांचं ऐका.

ओतारी:
मग फक्त आतून करा! अक्षरं बाहेर आहेत ना? नवसागर टाकून कापसाने कथील आतच फिरवायचं.

सुईदोरा:
कथील 232 अंशांना वितळतं. आतला थर बसेपर्यंत बाहेरचाही वितळणार, तांब्यात उष्णता एका बाजूला थांबत नाही. बाहेरून पुसलं की वितळलेलं कथील थेट अक्षरांत जाईल.

पाणवठा:
तरीही निर्णय आजींचा.

सुईदोरा:
हे मान्य. काल त्यांच्याकडे गेले होते. पट्टीवर पातळ कागद धरून पेन्सिलीने सगळ्या अक्षरांचा छाप घेतला. कागद सरकत होता तसतसं त्या बोट ठेवून मोठ्याने वाचत होत्या. एका जागी थांबल्या, म्हणाल्या, इथला इमाम झिजलाय, पण नाव मला येतं. कल्हई सध्या थांबवली आहे, पाणी त्या काचेच्या पेल्यात घेतात. ओतारी, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून आतली कल्हई कोणी केलेली तुम्ही पाहिली आहे का? असेल तर त्या कारागिराला मी स्वतः भेटेन.