अनुभव धागा : बाद फेरीच्या आदल्या रात्री आपल्या कबड्डी संघाचं पारडं कसं जोखता?

साखळी सामने संपले की गावोगावी एकच विषय निघतो, उद्या आपले निघतील का? उत्तर प्रत्येकाकडं असतं. पण कारण विचारलं तर 'आपला अमुक चालला की झालं' याच्यापुढं कुणी जात नाही. म्हणून जाणकारांना बोलावून हा धागा काढतोय. जिल्हा निवड चाचणी, यात्रेतला ६५ किलो गट, मुलींचे सामने, टीव्हीवरची प्रो कबड्डी, काहीही चालेल. सामन्याआधी काय बघायचं, काय मोजायचं, अंदाज कुठं फसतो, ते नेमकं लिहा. मैदान गाजवल्याच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

सुरुवात मीच करतो. साखळीतला गुणफरक बाजूला ठेवा. गटात एखादा दुबळा संघ आला की त्याच्यावर तीन-तीन लोण चढतात, म्हणजे तीन-तीनदा अख्खा संघ बाद होतो, आणि आकडे फुगतात. गटातल्या तुल्यबळ संघाविरुद्ध जो एक सामना झाला, तेवढाच धरा. त्यातही शेवटची दहा मिनिटं.

गुणलेखक, जालना

चढाईपटूच्या एकूण गुणांवर जाऊ नका. वहीत पाच रकाने आखा : चढाई कितवी, कोण गेला, समोर किती गडी होते, कुठल्या बाजूला वळला, काय घेऊन आला. ४० मिनिटांचा सामना आणि ३० सेकंदांची चढाई, म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून ऐंशीच्या आसपास नोंदी होतात. दोघं बसले तर सहज जमतं, एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

मग समोरच्या गड्यांप्रमाणे गुण वेगळे काढा. सहा-सात गड्यांवर किती, चार-पाचांवर किती, तिघांवर किंवा त्याहून कमी असताना किती. दहा गुणांतले आठ गुण तीन गड्यांवर मारलेले असतील, तर तो लोण पूर्ण करणारा गडी आहे, सामना उघडणारा नाही. भरल्या मैदानावर स्पर्श करून परतणारा एक तरी असल्याशिवाय बाद फेरीत संघ पुढं सरकत नाही.

बोनस, म्हणजे मागचा पाय हवेत ठेवून बोनस रेषेपलीकडं पाय टाकल्याचा गुण, वेगळा मांडा. तो मिळवायला समोर किमान सहा गडी लागतात, आणि बोनसनं गुण मिळाला तरी बाहेर बसलेला आपला गडी आत येत नाही. चार गडी बाहेर आणि चढाईपटू बोनसवर बोनस आणतोय, फलक हलतोय, लोक टाळ्या वाजवतायत. पण मैदानात तीनच उरलेत आणि पुढच्या दोन चढायांत लोण बसणार आहे. असा संघ साखळीत दिसला असेल तर त्याचे बोनसचे निम्मे गुण मनातल्या मनात वजा करा.

कोपरा, परभणी

गुणलेखकांचं पटलं, पण त्यांची सगळी वही चढाईची आहे. बाद फेरीत आधी बचाव तोला. साखळीत हरलं तरी पुढचा सामना असतो, म्हणून गडी मोकळे खेळतात. बाद फेरीत दोन्हीकडून दोन-दोन रिकाम्या चढाया निघतात आणि सगळं तिसऱ्या चढाईवर येतं. तिथं गुण नाही आणला तर चढाईपटू बाद. प्रो कबड्डीचे अंतिम सामनेच बघा : डिसेंबर २०२२ मध्ये जयपूर ३३, पुणेरी पलटण २९. मार्च २०२४ मध्ये पलटण २८, हरियाणा २५. डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा ३२, पाटणा २३. या तिनांतल्या शेवटच्या हंगामात चढाईत सगळ्यांत जास्त गुण घेणारा देवांक दलाल पाटण्याकडंच होता, तरी संघ २३ वर अडकला.

बचाव तोलायचा म्हणजे पकडी मोजायच्या नाहीत, पकड कशी होते ते बघायचं. पुरुषांच्या मैदानात अर्धं अंगण साडेसहा मीटर, मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा आणखी एक मीटर आत. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो तेव्हा त्याला घरी यायला पावणेपाच मीटर असतात. कोपऱ्याच्या, म्हणजे बचाव फळीच्या टोकाच्या गड्यानं घोट्यावर झेप घ्यायची ती त्याचं वजन पुढच्या पायावर आल्यावर. पाय हवेत असताना झेप घेतली तर हात रिकामे राहतात आणि स्वतः बाद. घोटा सापडला की त्याच क्षणी कव्हरनं, म्हणजे फळीत आतल्या बाजूला उभ्या गड्यानं, मांडी किंवा कंबर धरली पाहिजे. कव्हर एक पाऊल उशिरा आला तर चढाईपटू मध्यरेषेकडं अंग झोकून देतो, हात लांबवतो आणि रेषा गाठतो. उशिरा आलेल्या कव्हरचाही स्पर्श मोजला जातो, म्हणजे एकाच्या जागी दोन गुण गेले. साखळीत आपला संघ असे दोन-दोन गुण किती वेळा देऊन बसला ते मोजा. हा आकडा सामन्यात तीनच्या वर असेल तर कोपरा आणि कव्हर यांची जोडी जमलेली नाही, आणि ती एका रात्रीत जमत नाही.

दुसरं, समोरासमोर मांडणी करा. आपला डावा कोपरा त्यांच्या चढाईपटूच्या उजव्या हाताला येतो. त्यांचा मुख्य गडी दहातल्या सात वेळा उजवीकडं वळत असेल तर उद्याचा सामना आपल्या डाव्या कोपऱ्याचा आहे. त्याचा खांदा, गुडघा, बोटं ठीक आहेत का एवढंच विचारा. बाकी चर्चा नंतर.

काळी माती, हिंगोली

मैदान बघितल्याशिवाय कुठलाही अंदाज सांगू नये. आपल्याकडच्या यात्रेतल्या आणि गणपतीतल्या कितीतरी स्पर्धा अजून मातीवर होतात. रानातली काळी माती तशीच ठेवली तर सुकल्यावर भेगाळते आणि पाणी जास्त झालं की पायाला चिकटते. चांगले आयोजक वर मुरमाड लाल माती चाळून टाकतात, खडे वेचतात, दुपारनंतर हलकं पाणी शिंपून रोलर फिरवतात. सामन्याआधी मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारताच फुटला, तर मैदान तयार आहे. हाताला चिकटली तर वळताना पाय सरकणार, म्हणजे चपळ चढाईपटूचं नुकसान. भुरभुर उडाली तर उत्तरार्धात रेषा दिसणार नाहीत.

हा रेषांचा मुद्दा फार कमी लोक धरतात. मातीवर रेषा फक्कीनं आखतात. कोपऱ्याचे गडी बोनस रेषेच्या आसपासच उभे असतात आणि तिथंच पाय घासतात. मध्यंतरापर्यंत ती रेषा दोन्ही टोकांना पुसट होते आणि उत्तरार्धात बऱ्याचदा नुसता पांढरा डाग उरतो. मग मागचा पाय हवेत होता का, पुढचा रेषेपलीकडं पडला का, हे पंचांना सांगता येत नाही, आणि शंका आली की बोनस मिळत नाही. जो संघ सामन्याला आठ-दहा बोनस काढतो त्याचं पारडं मातीवर उत्तरार्धात खाली येतं. मध्यंतराच्या पाच मिनिटांत पुन्हा फक्की मारायला माणूस ठेवलाय का, एवढं आयोजकांना विचारून ठेवा. आपला संघ बोनसवाला असेल तर कप्तानानं स्वतः ही मागणी करावी.

मॅटवर सराव केलेला संघ मातीवर आला की त्याची झेपेची पकड निम्मी होते. मॅटवर गडी छातीवर पडून घोटा धरतो, मातीवर एकदा कोपर सोलवटलं की दुसऱ्यांदा तो झेप टाकत नाही, उभ्यानं धरायला जातो. मातीवरच्या संघाचं मॅटवर उलटं होतं. बूट घालायची सवय नसते, वळताना पाय आतल्या आत फिरतो, घोटा मुरगळतो.

मॅट उघड्यावर टाकली असेल आणि डिसेंबर-जानेवारी असेल तर सामना कितव्या क्रमांकावर आहे तेही बघा. रात्री उशिरा दव पडतं. दर दोन-तीन चढायांनी मॅट पुसणारी पोरं नसतील तर उभी पकड करणारा संघ धरायचा, धावून पकड करणारा नाही.

ऊसपट्टा, बीड

वर सगळं खेळाचं लिहिलंय. आमच्याकडं पहिला प्रश्न वेगळा असतो, गडी आहेत का? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि कितीतरी गावांच्या संघांतली दोन-तीन पोरं कारखान्यावर जातात. पावसाळ्यात गणपतीच्या स्पर्धेत खेळलेला संघ आणि हिवाळ्यातला संघ नावानं एक असला तरी माणसांनी वेगळा असतो. जुन्या निकालावरून बोलू नका, बारा जणांची यादी मागा.

पोलीस भरतीची तारीख बघा. मैदानी चाचणीत १६०० मीटर जोरात पळालेल्या पोराच्या मांड्या दुसऱ्या दिवशी आखडलेल्या असतात. तो चढाईला जाईल, पण परतीच्या वळणाला कमी पडेल.

आणि बाहेरून आणलेले गडी. बक्षिसाची रक्कम मोठी असली की गाव वर्गणी काढून दोन चांगले खेळाडू आणतं. चढाईपटू आणला तर फायदा होतो, कारण चढाई एकट्याची असते. कोपरा आणला तर जपून अंदाज बांधा. बचावात हाताला हात धरून साखळी करायला शेजारच्याचा इशारा कळावा लागतो. हात कधी सोडायचा, कुणी आधी जायचं, हे ठरलेलं असतं. नवा कोपरा लवकर झेप घेतो, गावचा कव्हर त्याची वाट बघत उभा राहतो. चांगला आणलेला गडी मग एकटाच बाद होत राहतो आणि लोक त्यालाच नावं ठेवतात. तो आपल्या पोरांबरोबर किमान चार-पाच दिवस सरावाला होता का, हे कळलं की अर्धा अंदाज झाला.

लातूरची लेक

मुलींच्या सामन्याला पुरुषांचे आडाखे लावू नका. मैदान १२ बाय ८ मीटर, त्यात दोन्ही बाजूंचं एकेक मीटर राखीव क्षेत्र सोडलं तर स्पर्श होईपर्यंत सहाच मीटर रुंदी. निदान रेषा तीन मीटरवर, बोनस चार मीटरवर. रुंदी कमी म्हणून दोन्ही कोपरे लवकर जवळ येतात आणि साखळी पटकन बंद होते. वेळ १५-५-१५, म्हणजे दहा मिनिटं कमी. पहिल्या सहा-सात मिनिटांत लोण बसला तर भरून काढायला वेळ पुरत नाही. म्हणून मुलींच्या संघात मी सुरुवातीची पाच मिनिटं बघते : नाणेफेक जिंकून चढाई घेतात की अंगण, पहिली चढाई कुणाची, ती किती आत जाते. पहिल्या दोन्ही चढाया निदान रेषा जेमतेम ओलांडून परत येत असतील तर संघ दबलेला आहे, नावं कितीही मोठी असोत.

भरवशाचा चढाईपटू, नांदेड

परभणीच्या भाऊंना एक विचारायचंय. एकटा चढाईपटू सामना काढत नाही असं म्हणता येईल का? २०१९ मध्ये प्रो कबड्डीचे दोन अंतिम सामने झाले. जानेवारीत पवन सेहरावतनं चढाईत २२ गुण घेतले आणि बेंगळुरूनं गुजरातला ३८-३३ हरवलं.

कोपरा, परभणी

आणि ऑक्टोबरमध्ये नवीन कुमारनं दिल्लीकडून १८ गुण घेतले, तरी दिल्ली बंगालकडून ३९-३४ नं हरली. बंगालचा मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग तर दुखापतीनं बाहेर होता. एकट्याचा दिवस येतो, नाकारत नाही. पण आदल्या रात्री तो मोजता येत नाही. मोजता येतं ते हे, की तो बाद होऊन बाहेर बसल्यावर चार-पाच चढायांत दुसरा कोण गुण आणतो आणि त्याला आत कोण घेतो. त्याला आत घ्यायचं सगळ्यांत खात्रीचं साधन पकडच आहे.

वजनकाटा, धाराशिव

वजनी गटात खेळणाऱ्यांसाठी. ६५ किलोच्या गटात सकाळी काट्यावर ६४ किलो ९०० ग्रॅम भरलेल्या गड्यावर संध्याकाळी भिस्त ठेवू नका. त्यानं आदल्या दिवसापासून पाणी तोडलेलं असतं, जर्किन घालून पळालेला असतो. पूर्वार्धात हलका वाटतो. उत्तरार्धात पोटरीत गोळे येतात, तेही नेमके परतीची झेप घेताना. वजन झाल्यावर त्यानं काय केलं ते बघा. थोडं थोडं मीठ-साखर-लिंबाचं पाणी, मग मऊ भात-वरण, सामन्याच्या तीन तास आधी जेवण संपलेलं, तर ठीक. एकदम तांब्याभर पाणी आणि वर वडापाव, तर तो दुसऱ्या अर्ध्यात बाकावर दिसेल. खुल्या पुरुष गटात ८५ किलोची मर्यादा आहे, तिथं हा प्रश्न एखाद-दुसऱ्या कोपऱ्यापुरता येतो.

पंचांची शिट्टी, छत्रपती संभाजीनगर

शेवटची तीन मिनिटं कुणी लिहिली नाहीत. तीन मिनिटं म्हणजे पूर्ण वेळ खाल्लेल्या सहा चढाया, प्रत्येकी तीन. चार गुणांनी पुढं असलेला संघ दोन चढाया रिकाम्या काढू शकतो, पण तिसरी त्याच्यावरही येते. त्या तिसरीला कुणाला पाठवायचं हे ज्या संघाचं ठरलेलं आहे त्याचं पारडं जड. रिकामी चढाई काढतानाही निदान रेषा ओलांडावीच लागते, नाहीतर चढाईपटू बाद. घाईत हे विसरणारे चांगले चांगले गडी असतात.

आघाडीवर असताना समोरच्याचे दोन-तीनच गडी उरले असतील तर तिथं रेंगाळणं धोक्याचं. तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली की अव्वल पकडीचे दोन गुण आणि त्यांचा एक गडी आत. अशा वेळी आपला संघ लोण पुरा करायला धावतो की घाबरून वेळ काढतो, ते साखळीच्या सामन्यात टिपून ठेवा.

आणि बरोबरी झाली तर? कबड्डी फेडरेशनच्या नियमांनी होणाऱ्या बाद फेरीत पाच-पाच चढाया होतात. सातही गडी मैदानात, बाद होणं आणि परत येणं नाही, फक्त गुण मोजायचे. निदान रेषाच तेव्हा बोनस रेषा होते. पाच वेगवेगळ्या चढाईपटूंची नावं क्रमानं आधी द्यावी लागतात. तरीही बरोबरी राहिली तर नाणेफेक आणि सुवर्ण, म्हणजे निर्णायक चढाई. म्हणजे दोन चढाईपटूंवर चाललेला संघ इथं उघडा पडतो, कारण चौथा आणि पाचवा म्हणून कोपरा नाहीतर कव्हर पाठवावा लागतो. आदल्या रात्री आपल्या संघाची ही पाच नावं कागदावर लिहून बघा. तिसऱ्या नावाला पेन थांबलं, तर सामना बरोबरीत जाण्याआधीच मिटवायचा डाव आखायला प्रशिक्षकांना सांगा. पाचही लिहिता आली, तर पहिला आणि पाचवा सगळ्यांत भरवशाचे ठेवा, आणि चौथ्या जागी उंच गडी द्या. निदान रेषेपलीकडं एक पाय टाकून मागचा उचलायला त्याला पुढं फार जावं लागत नाही.